ॲल्युमिनाची डेन्सिटी येत नाहीये? भट्टीचं टेंपरेचर वाढवण्याआधी पावडर तपासा

ॲल्युमिनाची (ॲल्युमिनियम ऑक्साइडची) पावडर डायमध्ये म्हणजे साच्यात दाबून भट्टीत भाजत असाल तर आधी लक्षणं बघा, यातलं काही तुमच्याकडे होतंय का.

१५५० ते १६०० डिग्रीला नीट सोक देऊनही (म्हणजे त्या टेंपरेचरला धरून ठेवूनही) पेलेट, म्हणजे पावडर दाबून केलेली गोळी, खडूसारखी राहते, नखाने घासली की बोटाला पांढरं लागतं, शाईचा थेंब टाकला की आत शिरतो आणि धुतला तरी डाग जात नाही. किंवा पेलेट टणक असते, शाई पीत नाही, पण डेन्सिटी मोजली की पूर्ण घट्ट ॲल्युमिनाच्या ९२-९४ टक्क्यांवर अडकलेली. किंवा एकाच ट्रेमधले, एकाच डायमधून काढलेले पार्ट वेगवेगळ्या साइजचे निघतात. सिलिंडर असेल तर मधे बारीक होऊन डमरू होतो. आडवी चीर जाते आणि वरचा थर झाकणासारखा सुटून येतो. पांढऱ्या पार्टवर तपकिरी ठिपके येतात. आणि सगळ्यात गोंधळात टाकणारं लक्षण म्हणजे टेंपरेचर ५० डिग्रीने वाढवलं, सोक २ तासांचा ४ तास केला, आणि डेन्सिटी वाढायच्या ऐवजी थोडी कमीच आली.

मी छोट्या ॲल्युमिना पार्टचं काम करतो, लूमला लागणारे थ्रेड गाइड, वेल्डिंगचे नोझल, लहान इन्सुलेटर वगैरे, शिवाय एमएस्सी आणि पीएचडी करणारी मुलं पेलेट घेऊन येतात. तक्रार नेहमी हीच असते आणि प्रत्येकाने आधी एकच गोष्ट करून बघितलेली असते, ती म्हणजे टेंपरेचर वाढवणं. ते शेवटी करायचं काम आहे. बहुतेक वेळा दोष भट्टीत नसतोच, पार्ट भट्टीत जायच्या आधीच बिघडलेला असतो, पावडर दळताना, सुकवताना किंवा बाइंडर (पावडर धरून ठेवणारा चिकट पदार्थ) घालताना. म्हणून खालचे चेक त्या क्रमाने दिलेत, आधी फुकटचे, मग थोड्या खर्चाचे, मग बाहेर लॅबला पाठवायचे. आकडे ॲल्युमिनाचे आहेत, झिर्कोनिया किंवा फेराइटसारखं दुसरं सिरॅमिक असेल तर आकडे बदलतील, पद्धत तीच.

१. कच्च्या पेलेटची डेन्सिटी मोजा

याला फक्त वजनकाटा आणि व्हर्नियर लागतो. भट्टीत टाकायच्या आधी प्रत्येक लॉटमधल्या चार-पाच पेलेटचं वजन, व्यास, जाडी लिहून ठेवा. समजा १३ मिमीची डाय आहे, पेलेट ३ मिमी जाड, वजन ०.८५ ग्रॅम. आकारमान होतं ०.३९८ घन सेंमी, म्हणजे डेन्सिटी २.१३ च्या आसपास. पूर्ण घट्ट ॲल्युमिनाची ३.९८ धरा. म्हणजे कच्ची पेलेट ५३-५४ टक्के भरली, ठीक आहे. ड्राय प्रेसिंगला ५० ते ६० टक्के अपेक्षित असतात. बाइंडर घातला असेल तर त्याचं वजन वजा करायला विसरू नका, नाहीतर आकडा उगाच चांगला दिसतो.

हे सगळ्यात आधी का, तर सिंटरिंगमध्ये, म्हणजे भट्टीत भाजून घट्ट करताना, कण एकमेकांना चिकटून मधली जागा खातात, आणि जिथे कण एकमेकांना लागलेलेच नाहीत तिथे ते काही करू शकत नाहीत. कच्चा आकडा ४५ च्या खाली असेल तर पुढचे भट्टीचे प्रयोग थांबवा, वीज वाया जाणार आहे.

याच मोजमापातून दुसरी गोष्ट कळते. वरची ५३.६ टक्क्यांची पेलेट ९८ टक्क्यांपर्यंत गेली तर व्यासात साधारण १८ टक्के आकसायला पाहिजे, म्हणजे १३ ची १०.६ मिमी व्हायला पाहिजे. ती ११.५ निघाली तर तुम्ही ७७ टक्क्यांच्या आसपास आहात, वेगळी टेस्ट करायची गरजच नाही. आणि वरचा व्यास, मधला व्यास, खालचा व्यास वेगवेगळे आले तर दाब सगळीकडे सारखा पोचलेला नाही, डायच्या भिंतीला घासून तो कमी होत जातो, म्हणून डमरू. डायला स्टिअरिक ॲसिडचा पातळ हात द्या, उंच पार्ट असेल तर दोन्ही बाजूंनी दाबा.

दाबाबद्दल एक सांगतो, १३ मिमीच्या डायवर १ टन म्हणजे जवळपास ७४ मेगापास्कल होतात. दीड-दोन टन पुरे. मुलं ५-६ टन लावतात आणि मग आडवी चीर का गेली विचारतात. जास्त दाबलेली पावडर बाहेर काढताना परत थोडी फुगते आणि आत अडकलेली हवा पण जागा मागते, म्हणून झाकण सुटतं.

२. जुन्या चांगल्या लॉटची पेलेट शेजारी ठेवा

ज्या पावडरने आधी नीट रिझल्ट दिलाय तिच्या दोन-चार कच्च्या पेलेट कायम डेसिकेटरमध्ये राखून ठेवा. शंका आली की नवीन लॉटच्या शेजारी एक ठेवून भाजायची. दोन्ही खराब निघाल्या तर भट्टी किंवा थर्मोकपल (टेंपरेचर मोजणारा सेन्सर), जुनी चांगली आणि नवी खराब तर पावडर. एका फायरिंगमध्ये अर्धा प्रश्न सुटतो, तरी फार कमी लोक हे करतात. फक्त दोन्ही एकाच ठिकाणी ठेवा, एक दाराजवळ आणि एक आत असं नको, कारण दाराकडे बऱ्याच भट्ट्या थंड असतात.

३. डबीवरचं लेबल वाचा

हसू येईल पण याच्यावर कित्येकांचं सेमिस्टर गेलंय. केमिस्ट्रीच्या स्टोअरमधून आणलेली ‘न्यूट्रल ॲल्युमिना’ ही बहुतेक वेळा कॉलम क्रोमॅटोग्राफीची असते. ७०-२३० मेश म्हणजे ६३ ते २०० मायक्रॉनचे सच्छिद्र दाणे, आणि ते अल्फा फेजमध्ये, म्हणजे ॲल्युमिनाच्या सगळ्यात स्थिर स्फटिक रूपात, नसतात. ती सिंटरिंगसाठी बनवलेलीच नाही, १६०० ला काय अजून १०० वर नेलं तरी घट्ट होणार नाही. ॲल्युमिनियम काढायला स्मेल्टरमध्ये जाते ती ॲल्युमिना पण तशीच वापरता येत नाही, तिचे दाणे मोठे आणि आतून सच्छिद्र असतात. आपल्याला हवी ती कॅल्साइन केलेली (पावडर असतानाच तापवून घेतलेली), कमी सोड्याची म्हणजे सोडियम ऑक्साइड कमी असलेली, सिरॅमिक ग्रेड, एक मायक्रॉनच्या खाली दळलेली. बेळगावला हिंडाल्कोच्या प्लांटमध्ये अशा स्पेशालिटी ॲल्युमिना बनतात, म्हणजे फार लांब शोधायची गरज नाही, फक्त ऑर्डर देताना ग्रेड आणि कणाचा साइज स्पष्ट मागा.

गॅमा ॲल्युमिना, म्हणजे अल्फाच्या आधीचं स्फटिक रूप, घेतली तर अजून एक अडचण. ती साधारण ११०० ते १२०० डिग्रीला अल्फा होते, आणि होताना जवळपास १० टक्के आकारमान कमी होतं, त्या गडबडीत पावडर स्वतःचा पोकळ, फांद्याफांद्यांचा सांगाडा तयार करते जो पुढे भरणं फार अवघड जातं. म्हणून आधी अल्फा करून घ्या, दळा, मग प्रेस करा.

४. ग्लासातली टेस्ट, गुठळ्यांसाठी

हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा चेक आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

पावडरचा कण आणि पावडरची गुठळी यात फरक आहे. डबीवर ०.३ मायक्रॉन लिहिलेलं असतं ते खरं पण असतं, पण ते कण जर ३०-४० मायक्रॉनच्या गुठळ्यांमध्ये बांधलेले असतील तर प्रेसमध्ये गुठळ्याच जाऊन बसतात. मऊ गुठळी दाबली की मोडते, तिचं भांडण नाही. कडक गुठळी मोडत नाही. पोत्यात नारळ भरले तर कितीही ठासा, मधे मोकळी जागा राहणारच, तसं होतं. मग भट्टीत गुठळीच्या आतले कण जवळजवळ असल्यामुळे गुठळी आधी आकसते, आजूबाजूचा भाग मागे राहतो, आणि गुठळी त्याच्यापासून सुटून भोवती चिरेसारखी पोकळी तयार होते. ही पोकळी आजूबाजूच्या ग्रेनपेक्षा (भाजलेल्या पार्टमधल्या स्फटिकांपेक्षा) बरीच मोठी असते. किंगरी आणि फ्रान्स्वा यांनी १९६७ मध्येच दाखवलं होतं की छिद्राभोवती ग्रेनची संख्या ठराविक मर्यादेपेक्षा जास्त असली तर ते छिद्र आकसत नाही, उलट मोठं होऊ शकतं. टेंपरेचर वाढवून उपयोग का होत नाही याचं उत्तर इथे आहे. छोटी छिद्रं आधीच भरलेली असतात, मोठी भरत नाहीत, आणि जास्तीच्या उष्णतेने फक्त ग्रेन मोठे होतात. डेन्सिटी ९३ वर अडकते आणि वरून मजबुतीही कमी होते.

उलट बाजू पण बघा. रोड्स यांनी १९८१ मध्ये झिर्कोनियाच्या बारीक पावडरमधल्या गुठळ्या पाण्यात बसवून वेगळ्या काढल्या आणि उरलेली पावडर फक्त ११०० डिग्रीला जवळजवळ पूर्ण घट्ट झाली. भट्टी नवी नव्हती घेतली, फक्त गुठळ्या काढल्या.

तर टेस्ट अशी. उंच पारदर्शक ग्लास किंवा मेजरिंग सिलिंडर घ्या, १०० मिली डिस्टिल्ड वॉटर, त्यात नायट्रिक ॲसिडचे थेंब टाकून पीएच ४ च्या आसपास आणा, पीएच पेपर चालतो. चिमूटभर पावडर टाका, अल्ट्रासॉनिक बाथ असेल तर पाच मिनिटं, नसेल तर नीट हलवा. आणि सोडून द्या. ॲसिड कशाला, तर ॲल्युमिनाचा पृष्ठभाग पीएच ८-९ च्या आसपास न्यूट्रल असतो आणि तिथे कण एकमेकांना चिकटतात, पीएच ४ ला सगळ्यांवर सारखा चार्ज येतो म्हणून ते लांब राहतात. साध्या नळाच्या पाण्यात केलीत तर चांगली पावडर पण खाली बसेल आणि तुम्ही उगाच सप्लायरला दोष द्याल.

आता घड्याळ बघा. १० मायक्रॉनचा घट्ट दाणा १० सेंमी उंची साधारण १० मिनिटांत उतरतो. १ मायक्रॉनच्या कणाला तेवढ्याच अंतराला १७ तास लागतात, ०.३ मायक्रॉनचा तर दिवसभरात जेमतेम सव्वा सेंमी खाली येतो. म्हणजे चांगली पावडर दुसऱ्या दिवशी सकाळी पण दुधासारखी दिसायला पाहिजे. पंधरा मिनिटांत तळाला जाड थर आणि वर स्वच्छ पाणी असेल तर तुमच्याकडे ०.३ मायक्रॉनची पावडर नाहीये, गुठळ्यांची पावडर आहे, लेबल काही म्हणो.

ज्यांनी पावडर स्वतः बनवली आहे त्यांनी गुठळी कुठून आली हे मागे जाऊन बघा. प्रेसिपिटेशनने, म्हणजे द्रावणातून साका पाडून, केली असेल तर क्लोराइड नीट धुवून गेलंय का ते धुतलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकून बघा, पांढरं गढूळ झालं तर अजून धुवा. शेवटचे दोन-तीन वॉश इथेनॉलने द्या. पाणी सुकताना कणांना खेचून एकत्र आणतं आणि पृष्ठभागावरचे हायड्रॉक्सिल ग्रुप पुढे कॅल्साइन करताना कायमचे जोडले जातात, इथेनॉलने हे बरंच टळतं. कॅल्सिनेशन पण गरजेपुरतंच, ‘सेफ साइड म्हणून’ १०० डिग्री जास्त दिली की गुठळ्या तिथेच अर्ध्या सिंटर होतात. कम्बशनने केली असेल, म्हणजे ॲल्युमिनियम नायट्रेट आणि युरिया ५०० डिग्रीच्या भट्टीत, ती बंगळूरच्या आयआयएस्सीमधल्या किंग्सली आणि पाटील यांची १९८८ ची पद्धत, तर अल्फा फेज थेट मिळते हे खरं, पण येणारा फेस हलका असला तरी आत जाळीसारखा जोडलेला असतो, खलात घोटून भागत नाही, वेट मिलिंग लागतंच. आणि ते फ्यूम हूडमध्येच करा, नायट्रोजनचे ऑक्साइड निघतात.

५. मिलिंग

ग्लास टेस्ट नापास झाली तर इथे या. पाणी किंवा आयसोप्रोपेनॉल, झिर्कोनियाचे बॉल, पाण्यात करत असाल तर डिस्पर्संट (कण सुटे ठेवणारा पदार्थ) म्हणून अमोनियम पॉलीअक्रिलेट, रात्रभर ते २४ तास बॉल मिल. नंतर परत ग्लास टेस्ट, म्हणजे फरक दिसतो. बारीक करायचा फायदा मोठा आहे, हेरिंग यांच्या १९५० च्या नियमाप्रमाणे ग्रेन बाउंडरीतून डिफ्यूजन होत असेल, म्हणजे दोन ग्रेनच्या मधल्या सीमेवरून अणू सरकत असतील, तर कण निम्मा केला की तेवढ्याच टेंपरेचरला वेळ सोळाव्या भागावर येतो. टेंपरेचर वाढवून हे मिळवायला गेलात तर सोबत मोठे ग्रेन पण मिळतात.

मिलिंगआधी आणि नंतर बॉलचं वजन करा. जे कमी झालं ते तुमच्या पावडरमध्ये गेलं. स्टीलचे बॉल वापरले तर लोखंड, आणि तेच तपकिरी ठिपके. अगेटचे वापरले तर सिलिका, आणि सिलिकाला कॅल्शियमची सोबत मिळाली की काही ग्रेन अचानक अवाढव्य वाढतात आणि छिद्रं पोटात घेऊन बसतात. हे टाळायला मॅग्नेशिया (मॅग्नेशियम ऑक्साइड) घालतात, साधारण ५०० पीपीएम पुरतं. अमेरिकेतल्या जीई (जनरल इलेक्ट्रिक) कंपनीत कोबल यांनी १९५० च्या दशकाच्या शेवटी मॅग्नेशिया घालूनच प्रकाश आरपार जाणारी ॲल्युमिना बनवली, सोडियम दिव्यांच्या नळ्या त्याच्याच. पण इतकी कमी मात्रा कोरडी पावडर टाकून खलात घोटून कधीच सारखी पसरत नाही, मॅग्नेशियम नायट्रेट विरघळवून स्लरीत घाला.

स्लरी सुकवताना ट्रेमध्ये ओतून ओव्हनमध्ये विसरू नका. मोठे कण खाली, बारीक वर, बाइंडर पाण्याबरोबर पृष्ठभागावर येऊन पापडी धरतो. हॉट प्लेटवर हलवत सुकवा, घट्ट होईपर्यंत हलवत राहा, मग चाळणी.

६. बाइंडर आणि हवा

बाइंडर म्हणून पीव्हीए (पॉलीव्हिनाइल अल्कोहोल) २ टक्के पुष्कळ. गार पाण्यात आधी भुरभुरून हलवायचं, मग ८०-९० डिग्रीपर्यंत तापवायचं, उलटं केलं की न विरघळलेले जेलीचे गोळे राहतात आणि प्रत्येक गोळा जळून गेल्यावर एक गोल छिद्र सोडतो. कपड्यातून गाळून घ्या.

पीव्हीए हवेतली ओल घेतो आणि मऊ होतो, म्हणून तीच पावडर पावसाळ्यात पंचला चिकटते आणि कोरड्या उन्हाळ्यात तिचे दाणे (सुकवून चाळल्यावर झालेले बाइंडरचे गोळे) इतके कडक होतात की प्रेसमध्ये फुटतच नाहीत. ‘गेल्या महिन्यापर्यंत छान येत होतं’ असं कुणी म्हटलं की मी आधी महिना कुठला ते विचारतो. तपासायला कच्ची पेलेट मोडा, तुटलेली बाजू साध्या भिंगाखाली धरा. दाण्यांचे गोल आकार अजून ओळखू येत असतील तर ते फुटलेले नाहीत आणि भाजल्यावर पण त्यांच्यामधल्या फटी तशाच राहणार. बाइंडर मऊ करायला थोडं पीईजी (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) घाला, किंवा पावडर काही तास दमट डब्यात ठेवा.

बर्नआउट, म्हणजे बाइंडर जाळून काढणं, हळू, मिनिटाला १ डिग्रीने ६०० पर्यंत आणि तिथे तासभर. फोड आणि मधला काळपट भाग बहुतेक घाई केल्याने येतात.

७. आता भट्टी

चेक दोनमध्ये जुनी पेलेट पण खराब निघाली असेल तरच इथे या. टेंपरेचर सांगणाऱ्या सिरॅमिक रिंग मिळतात, त्या पार्टजवळ ठेवून भाजायच्या आणि नंतर व्यास मोजायचा, म्हणजे डिस्प्लेवरचा आकडा आणि पार्टला मिळालेली उष्णता यातला फरक कळतो. आणि सोक वाढवल्यावर डेन्सिटी उतरते त्याचं कारण हे की ९२-९३ टक्क्यांनंतर छिद्रं बंद होतात, आत हवा अडकते, तिच्यातला नायट्रोजन बाहेर जाऊ शकत नाही, छिद्रं एकमेकांत मिसळून मोठी होतात आणि पार्ट किंचित फुगतो. म्हणूनच पाणी शोषत नाही म्हणजे पूर्ण घट्ट झालं असं समजू नका, आर्किमिडीजने डेन्सिटी काढा. सुकं वजन भागिले (ओलं वजन वजा पाण्यात टांगलेलं वजन), गुणिले पाण्याची डेन्सिटी, आणि ओलं वजन घ्यायच्या आधी पार्ट पाण्यात ५ तास उकळून मग २४ तास तसाच ठेवायचा.

कुठे थांबायचं

भट्टीचं कंट्रोल पॅनेल, ट्रान्सफॉर्मर, एलिमेंटची जोडणी उघडू नका. मॉलिब्डेनम डायसिलिसाइडचे एलिमेंट गार असताना ठिसूळ असतात आणि त्यांच्यातून करंट प्रचंड जातो, ते आणि थर्मोकपल बदलणं हे भट्टीवाल्याच्या माणसाचं काम. डायला केसासारखी जरी चीर दिसली तरी ती डाय त्याच दिवशी बंद, दाबाखाली फुटली तर तुकडा गोळीसारखा येतो. प्रेसमधून तेल गळत असेल तर दुरुस्तीवाला बोलवा. कोरडी पावडर हाताळताना एन-९५ मास्क कायम. आणि पावडरमध्ये शिसं असेल, म्हणजे पीझेडटी (लेड झिर्कोनेट टायटनेट) वगैरे, तर यातलं काहीही साध्या खोलीत करू नका, ज्यांच्याकडे त्यासाठीची बंद व्यवस्था आहे त्यांच्याकडेच द्या.

ग्लास टेस्ट पास, कच्ची डेन्सिटी ५३ च्या वर, जुनी पेलेट चांगली, आणि तरीही नवा लॉट अडकतोय, मग घरच्या साधनांनी पुढे जाऊ नका, लॅबला द्या. क्रम असा ठेवा, आधी एक्सआरडी (एक्स-रेने स्फटिक रूप ओळखणं), कारण स्वस्त असतं आणि गॅमा उरलाय का, सोड्यामुळे बीटा ॲल्युमिना झालीय का ते कळतं. मग बीईटी, म्हणजे एक ग्रॅम पावडरचा एकूण पृष्ठभाग मोजणं. ६ ला डेन्सिटी आणि बीईटीच्या आकड्याने भागलं की कणाचा साइज मिळतो, ग्रॅमला १० चौरस मीटर आलं तर ०.१५ मायक्रॉन. हा आकडा आणि लेसर पार्टिकल साइजचा आकडा शेजारी ठेवा, पहिला ०.१५ आणि दुसरा ५ आला तर गुठळ्या आहेतच. एसईएम (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) शेवटी, आणि तिथे नुसती पावडर देऊ नका, मोडलेली कच्ची पेलेट आणि मोडलेली भाजलेली पेलेट दोन्ही द्या, तुटलेली बाजू वर, पॉलिश न करता. पुडीवर लॉट नंबर, किती तास मिलिंग, कोणते बॉल, किती टक्के बाइंडर, किती टन, कुठपर्यंत भाजलं हे सगळं लिहा, ऑपरेटरला काय शोधायचं ते त्याच्यावरून कळतं.